शिक्षणाचा हप्ता

लग्नाला तीन वर्षं होत आली होती तेव्हा मी बायकोवर संशय घ्यायला लागलो. सुरुवात एका फोनने झाली. सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात मी लॅबमध्ये आहे. भट्टीतून आलेल्या मालाचे नमुने तपासायचे, त्यात लोखंड किती, कार्बन किती ते लिहून वर पाठवायचं, एवढं माझं काम. त्या दुपारी नमुन्याची पुडी हातात होती आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. एका बाईने माझ्या बायकोचं नाव घेतलं, तेही माहेरच्या आडनावासकट, आणि विचारलं, "आप उनके कौन बोल रहे हैं?"

"पति. काम क्या है?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग "जी, मैडम से ही बात करनी थी, उनका फोन नहीं लग रहा" म्हणून तिने फोन ठेवला. मी परत लावला तर लागेना.

संध्याकाळी घरी आलो. आमचं घर रायपूरच्या पुरानी बस्तीत, देवळामागच्या गल्लीत. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले, वडिलांनी सरकारी कचेरीत नोकरी करून इथूनच पेन्शन घेतली, आणि आमच्या घरातली मराठी निम्मी हिंदी होऊन बसली. बायको गोंदियाची. ती फिजिओथेरपिस्ट, समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकमध्ये काम करते. मी आलो तेव्हा ती आईच्या खाटेजवळ बसली होती. लग्नाच्या वर्षभर आधी आईला लकवा मारला होता. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलं होतं. बोलणं थोडंथोडं परत आलं. हाताचा व्यायाम बायको रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं करून घ्यायची. आईचं एकेक बोट उघडायचं, धरून ठेवायचं, सोडायचं.

"तुझ्यासाठी मला फोन आला होता," मी म्हणालो. "कोणी बाई होती. माहेरचं आडनाव घेत होती."

तिने मान वर केली नाही. "असंल कोणी. पेशंटचे लोक करतात."

"पेशंटकडे माझा नंबर कसा?"

"क्लिनिकमधून घेतला असंल," ती म्हणाली आणि आईचं पुढचं बोट धरलं.

ती खोटं बोलत होती हे मला तिथेच कळलं. का, ते कळेना. त्या दिवसापासून मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो, आणि एकदा ती नजर आली की साध्या गोष्टीही साध्या राहत नाहीत. ती फोन उलटा ठेवते हे मला तेव्हा दिसलं. फोनची काच वर्षभरापासून तडकलेली होती आणि ती बदलत नव्हती. पगार झाला की घरखर्चाची ठरलेली रक्कम माझ्या हातात द्यायची, त्यावर कधी काही खर्च करायची नाही. तीन वर्षांत तिने स्वतःसाठी घेतलेल्या साड्या मला आठवून मोजता आल्या. मग उरलेला पगार जातो कुठे? आणि रविवार. रविवारी ती लोकांच्या घरी जाऊन पेशंट बघायची. आधी एक घर होतं, आता दोन झाली होती. अकराला निघायची ती तीनला यायची.

एकदा ती अंघोळीला गेली असताना मी तिची पर्स उघडली. आत बिस्किटाचा अर्धा पुडा, व्यायामाचा हिरवा रबरी पट्टा, कसल्या तरी तेलाची बाटली आणि ऑटोचे सुटे पैसे होते. सगळं जसं होतं तसं ठेवलं. काही सापडलं नाही म्हणून बरं वाटायला पाहिजे होतं, ते वाटलं नाही. उलट वाटलं, ही फार सावध आहे.

पुढच्या रविवारी मी तिच्यामागे गेलो. ती ऑटोत बसली, मी हेल्मेट घालून स्कूटरवर, बरंच अंतर राखून. शंकर नगरात एका मोठ्या घरासमोर ती उतरली. चाळिशीच्या एका माणसाने फाटक उघडलं. ती त्याच्याकडे बघून हसली. असं हसणं मी घरी बरेच महिने बघितलं नव्हतं. फाटक बंद झालं. कोपऱ्यावर पोहा-जलेबीचा ठेला होता, तिथे मी उभा राहिलो. एक प्लेट खाल्ली, दुसरी घेतली आणि हातातच धरून ठेवली. ठेलेवाला दोनदा माझ्याकडे बघून गेला. तासाभराने मला राहवेना. जाऊन फाटक वाजवलं.

तोच माणूस आला. "जी?"

"मैडम को लेने आया हूँ. उनका पति."

तो एकदम खुश झाला. "अरे, आइए भैया, आइए. बाबूजी तो मैडम के भरोसे ही खड़े हो रहे हैं."

मागच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ पलंगावर निजले होते. माझ्या बायकोने त्यांचा पाय आपल्या खांद्यावर घेतला होता आणि ती मोजत होती. "सात, आठ. बाबूजी, दो और." कपाळावरून घाम निथळत होता. मला बघून ती घाबरली असती तर मला समजलं असतं. ती घाबरली नाही. थकलेल्या माणसाने बघावं तसं बघितलं आणि मोजणं पूर्ण केलं.

परत येताना स्कूटरवर मागे बसून तिने विचारलं, "माझ्या मागंमागं आले होते काय?"

"नाही. इकडे काम होतं."

"रविवारी?"

मी स्कूटरचा वेग वाढवला. दुसऱ्या घरी ती त्या दिवशी गेलीच नाही.

दुसरा कोणी माणूस नव्हता हे कळलं. मग माझा संशय दुसरीकडे वळला. एवढं ओझं ती कोणासाठी उचलते? मी ठरवून टाकलं की माहेरासाठी. सासऱ्यांचा गोंदियाला टायपिंगचा क्लास होता. टायपिंग बंद पडलं तशी त्यांनी तिथे चार कॉम्प्युटर टाकले, मग तेही बंद पडलं. मुलगी कमावती, एकुलती एक. ते तिच्याकडून पैसे उपसत असणार आणि ती आमच्यापासून लपवत असणार. हे मला इतकं पटलं की सासऱ्यांचा फोन आला की मी बोलायचं टाळायला लागलो.

त्याच सुमारास आमचं फ्लॅट घ्यायचं ठरत होतं. पुरानी बस्तीतलं घर तीन खोल्यांचं, आईला पायऱ्या चढवत नव्हत्या. दोघांच्या पगारावर कर्ज मिळेल म्हणून आम्ही दोघंही बँकेत गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने कागद बघितले, कॉम्प्युटरवर काहीतरी टाकलं आणि पडदा आमच्याकडे वळवला.

"सर का तो क्लीन है. मैडम का एक एजुकेशन लोन चल रहा है. काफी बाकी है. और अभी दो किस्तें लेट हुई हैं, तो पहले वो देख लीजिए."

मी पडद्याकडे बघत राहिलो. तिचं नाव, फोनवरच्या त्या बाईने घेतलं होतं तसंच माहेरच्या आडनावासकट, आणि खाली सहकर्जदार म्हणून सासऱ्यांचं. बायको म्हणाली, "हाव, आहे. या महिन्यात भरून टाकते." इतक्या शांतपणे म्हणाली की जणू विजेच्या बिलाची गोष्ट होती.

बाहेर उसाच्या रसाची गाडी होती. तिथे थांबलो. मी विचारलं, "हे कर्ज किती दिवसांपासून आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे?"

"म्हणजे काय? तीन वर्षं माझ्यापासून लपवलं तू."

"लपवलं?" ग्लास तिच्या हातात तसाच होता. "तुमाले माहीत नव्हतं?"

"कोण सांगणार होतं मला?"

"लग्न जुळलं तेव्हाच सांगतलं होतं आमच्या बाबांनी. तुमच्या घरी येऊन सांगतलं होतं."

"मला कोणी काही सांगितलं नाही."

तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. माझाही तिच्यावर बसला नव्हता. पकडली गेल्यावर माणूस असंच म्हणतो, असं मी मनात म्हणत होतो. रसाचे पैसे देऊन आम्ही दोन वेगळ्या ऑटोंनी निघालो, ती क्लिनिकला आणि मी घरी.

घरी मात्र मी गेलो नाही, कोर्टाकडे वळलो. माझा शाळेतला एक मित्र वकील आहे. त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तूने कहीं साइन किया है?"

"नहीं."

"गॅरंटर में नाम है?"

"नहीं."

"तो शादी के पहले का लोन उसका है और उसके बाप का. बैंक तुझसे नहीं माँग सकती. फोन-वोन करके डराएँगे, बस. तू फ्री है."

मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आजही आठवतं, कारण त्याचीच पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. त्या वेळी मात्र मी मित्राला चहा पाजला आणि शीळ घालत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना विषय निघाला. ती म्हणाली, दोन हप्ते चुकले कारण पावसाळ्यात आई न्हाणीघरात पडल्या तेव्हा तिने पाच आठवडे बिनपगारी रजा घेतली होती. मी ते ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं, पण मला माझंच म्हणायचं होतं.

"हे बघ, मी वकिलाला विचारून आलो. कायद्याने माझ्यावर काही येत नाही. तुझं आणि तुझ्या बाबांचं आहे ते."

तिच्या हातात माझाच शर्ट होता. तो तिने दोरीवर परत टाकला. "वकिलाकडे गेले होते तुम्ही?"

"विचारायला काय जातं?"

"मी तुमाले कधी मागतले पैसे? एक तरी हप्ता भरा म्हटलं?"

"म्हटलं नाही."

"मग वकिलाकडे काहून गेले? मले घराबाहेर काढायची तयारी करून राहिले का?"

मी नाही म्हणालो. पण तिच्या मनात ते बसलं. मी तिच्यावर संशय घेत होतोच, आता तीही माझ्यावर घ्यायला लागली. मी फोनवर हळू बोललो की ती थांबून ऐकायची. तिने तिची प्रमाणपत्रं कपाटातून काढून क्लिनिकमध्ये नेऊन ठेवली, हे मला नंतर कळलं. त्या आठवड्यात जेवणाच्या ताटावर आम्ही फक्त आईच्या औषधांबद्दल बोललो.

शेवटी तीच म्हणाली, "माझ्यावर भरोसा नाही ना? मग गोंदियाले जा. बाबांले समोर बसवून विचारा."

सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलो. जाताना वाटत होतं, बापलेकीने आधीच ठरवून ठेवलं असेल. आदल्या सकाळी तिने माहेरी फोन केला होता, मी बघितला होता. सासरे स्टेशनवर घ्यायला आले होते. घरी सासूबाईंनी पोहे केले, चहा झाला. बैठकीत अजून टायपिंगच्या दोन मशिनी कापड टाकून ठेवलेल्या. मी सरळ विचारलं, कर्जाचं आमच्या घरी कोणी सांगितलं होतं का?

सासरे गोंधळले. "म्हणजे जवाईबापू, व्याह्यांनी तुमाले..."

"मला कोणीही काही सांगितलेलं नाही."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग सावकाश बोलायला लागले. "मी दोनदा सांगतलं. एकदा रायपूरले तुमच्या घरी. तुम्ही ड्युटीवर होते. मी म्हटलं, पोरीच्या शिक्षणाचं कर्ज आहे, तिचा अर्धा पगार हप्त्यात जाते, अजून काही वर्षं जाईल. आधी सांगून टाकतो, मागून बोल नको. व्याही म्हणाले, जाऊ द्या, आमाले तिचा पगार नको, हुंडा नको. पोराले मी सांगतो. मग साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी परत विचारलं, जवाईबापूंले सांगतलं ना? ते म्हणाले, सांगतलं. फक्त घरात या गोष्टीवर बोलणं नको, पोराले आवडत नाही."

"मला आवडत नाही, असं म्हणाले?"

"हाव. म्हणून आम्ही पोरीले बजावून पाठवलं, घरात काढू नको, गुपचूप भरत राहा. तिनं तसंच केलं असंल." मग एकदम आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "विहीणबाईंचा हात कसा आहे? रोज करते ना पोरगी? व्याही तेव्हाच म्हणाले होते, आमाले घरात असंच माणूस पायजे."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. सासरे खरं बोलत होते की नाही हे अजून मला पक्कं वाटत नव्हतं. पण एक गोष्ट आठवली. लग्नाआधी आईच्या व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा एक बाई यायच्या. त्यांची फी चांगली होती. लग्नानंतर दोन आठवड्यांनी वडिलांनी त्यांना सांगितलं, आता यायची गरज नाही. मी तेव्हा तिथेच होतो. बाईंनी चप्पल घालताना बायकोकडे बघून म्हटलं होतं, "अब तो घर की डॉक्टर आ गई." आम्ही सगळे हसलो होतो. दुर्ग येईपर्यंत मी तेच आठवत बसलो.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. वडील पुढच्या खोलीत पेपर वाचत होते, आई खाटेवर डाव्या हाताने शेंगा सोलत होती, बायको स्वयंपाकघरात होती. मी चप्पल काढतानाच विचारलं, "बाबा, हिच्या कर्जाचं तुम्हाला लग्नाआधी सांगितलं होतं?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, मग भांडण होईल, दोन्ही घरं एकमेकांसमोर उभी राहतील. ते म्हणाले, "हो. सांगितलं होतं."

"आणि मला?"

"तुले सांगितलं असतं तर तू नाही म्हटलं असतं. त्याच्याआधी दोन ठिकाणी नाही म्हटलंच होतं तू. एकीच्या भावाचा धंदा बुडाला म्हणून, एकीच्या घरी जमिनीची केस आहे म्हणून. तुझा स्वभाव मला माहीत आहे. पोरगी चांगली होती. आणि तुझ्या आईचा हात..." ते थांबले.

"आईच्या हातासाठी आणली तिला?"

"घराला जे पाहिजे ते बघूनच माणूस सून आणतो," ते म्हणाले. पण आवाज पडला होता.

आई शेंगा सोलायची थांबली होती. तिला कर्जाचं काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ती शब्द गोळा करत होती. तिचं बोलणं तेव्हा असंच होतं, एकेक शब्द शोधून काढावा लागायचा. आम्ही थांबलो.

"त्या... बाईले... पैसे देत होते ना?"

"हो," वडील म्हणाले.

"मग... हिले?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हाताला पीठ लागलेलं. "राहू द्या आई," ती म्हणाली.

आईने डाव्या हाताने खाटेवर थाप मारली. सालं खाली सांडली. "नाही. द्या."

त्या संध्याकाळी गच्चीवर बायको मला जे बोलली ते मी विसरणार नाही. ती चिडून बोलत नव्हती. म्हणाली, "पहिल्या वर्षी मी तुमाले फार चांगलं समजत होते. वाटायचं, माणसाले सगळं माहीत आहे आणि एका शब्दानं बोलत नाही. मग दुसरं वर्ष गेलं. मी रविवारी तापात बाहेर गेले तरी तुम्ही विचारलं नाही की किती राहिलं. तेव्हा वाटलं, हा माणूस दगड आहे. आणि फोनचं तुम्ही आईंसमोर विचारलं, तेव्हा वाटलं टोमणा मारून राहिले."

"मला माहीतच नव्हतं."

"आता समजलं ना ते. पण तुम्ही पर्स उघडली होती ते मले तेव्हाच समजलं होतं. तेलाच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं होतं."

मी दोरीवरचे चिमटे काढत राहिलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आईंचा हात मी कोणत्या सौद्यासाठी नव्हते करत. सासू आहे, करायचा, म्हणून करत होते. पण सौदा होता हे ऐकल्यापासून उद्या सकाळी उठावं असं मन नाही होऊन राहिलं."

आणि ती उठली नाही. आठ दिवस आईचा व्यायाम मी केला. मला जमत नव्हता. मी बोट उघडायला जायचो तर आख्खी मूठ आवळली जायची. आई डोळे मिटायची. चौथ्या-पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अंगठ्यापासून नका सुरू करू. मनगट आधी वाकवा." मी मनगट वाकवलं. बोटं थोडी सुटली.

आठव्या दिवशी वडिलांनी पेन्शनमधून आधीच्या बाईंना द्यायचे तेवढी रक्कम पाकिटात घालून तिच्यासमोर ठेवली. तिने घेतलं नाही. आई बघत होती. वडील म्हणाले, "मागचं काही मी भरून देऊ शकत नाही. इथून पुढचं घे. तू घेतलं नाही तर मी त्या बाईंना परत बोलावतो." तिने आईकडे बघितलं, मग पाकीट उचललं. दुसऱ्या सकाळी ती खाटेजवळ येऊन बसली.

माझा प्रश्न उरला होता. मी म्हणालो, हप्ता आपण दोघं अर्धा-अर्धा भरू. ती नाही म्हणाली. "कर्ज माझं आहे. शिकले मी, पदवी माझ्या नावावर आहे. तुम्ही वकिलाकडे गेले तेव्हाच माझ्यासाठी ते ठरलं." मी बरंच समजावलं. शेवटी एवढं ठरलं की हप्ते संपेपर्यंत घरखर्चात ती काही देणार नाही, घर मी चालवीन. रविवारचं दुसरं घर तिने सोडलं. फ्लॅटचं लांबणीवर गेलं. कर्ज फिटायला त्यानंतर पावणेदोन वर्षं लागली. फिटल्याचा कागद आणायला ती एकटी गेली होती. मी येतो म्हणालो तर म्हणाली, नको, ड्युटी आहे ना तुमची. तिची प्रमाणपत्रं मात्र अजून क्लिनिकमध्येच आहेत. मी एकदा विचारलं होतं, ती म्हणाली, आणीन कधीतरी.

वडील आणि मी त्यानंतर बराच काळ कामापुरतंच बोलत होतो. त्यांनी मला फसवलं असं मला वाटायचं आणि त्यांना वाटायचं की त्यांनी घर सावरलं. आम्ही दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात बायको एक दिवस क्लिनिकमधून आली आणि जेवताना तिने सांगितलं. दुपारी तिने पुढच्या पेशंटला बोलवायला दार उघडलं, तर बाकावर माझे वडील बसलेले. हातात नंबरची चिठ्ठी आणि फी भरल्याची पावती. खांदा धरला होता, हात वर जात नव्हता. महिनाभरापासून दुखत होता आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं. पुरानी बस्तीतून ऑटो करून, रांगेत बसून, चारशे रुपये भरून ते आले होते.

"मी म्हटलं, बाबा, घरी नाही का सांगता आलं? तर म्हणाले, घरी सांगितलं असतं तर तू पैसे घेतले नसते."

"मग?"

"मग काय. आत घेतलं, शेक दिला, व्यायाम शिकवला. पुढच्या बुधवारी परत बोलावलं."

वडील तेव्हा आतल्या खोलीत आईजवळ बसले होते. माझ्या मनात आलंच, आणि मी ते हळूच बोलून दाखवलं, "दाखवायला तर नाही ना केलं त्यांनी? आपल्या कानावर यावं म्हणून?"

तिने भाताचा घास घेतला, चावून गिळला.

"असंल," ती म्हणाली. "पण खांदा खरंच दुखत होता."